मोठा सर्जनफिश घरच्या समुद्री टँकमध्ये कसा सांभाळावा

सर्जनफिशलाच टँग म्हणतात. दुकानात दिसणारा नासो टँग तळहाताएवढा असतो. वाढ पूर्ण झाली की तोच मासा 45 सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे दीड फुटापर्यंत जातो. व्लामिंगी ही नासोचीच दुसरी जात तर 60 सेंटिमीटरपर्यंत वाढते. 'टँक लहान असला की मासा लहानच राहतो' असं दुकानदार सर्रास सांगतात. ते खरं मानू नका. लहान टँकमध्ये मासा खुरटतो, आजारी पडतो आणि त्याच्या आयुष्याच्या मानाने फार लवकर मरतो. समुद्रात सर्जनफिशच्या बऱ्याच जाती 30 ते 45 वर्षं जगल्याच्या नोंदी आहेत. म्हणून मासा निवडायच्या आधी त्याची पूर्ण वाढीची लांबी बघायची आणि मगच काचेचं माप ठरवायचं.

माझं मत स्पष्ट आहे. आठ फूट लांब आणि अडीच फूट रुंद टँक ठेवायला जागा नसेल, तर नासो, सोहल आणि सेलफिन या तीन मोठ्या टँगचा विचार सोडून द्या. सहा फुटी टँकमध्ये यलो टँग, पर्पल टँग किंवा कोले टँग आनंदाने राहतात. सगळे 20 सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याखालीच थांबतात, आणि देखणेपणात कुठेही कमी नाहीत.

टँक आणि स्टँड

लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची. दीड फुटी मासा दोन फूट रुंदीत धड वळू शकत नाही. उंची मात्र वाढवून फायदा नाही, हे मासे आडवे पोहत लांब अंतर कापतात.

आता वजन बघू. 8 × 2.5 × 2.5 फुटांच्या टँकमध्ये साधारण 1400 लिटर पाणी मावतं. काच, दगड आणि स्टँड धरून वजन दीड टनाच्या वर जातं. बेळगावात शहापूर, वडगावच्या जुन्या माडीच्या घरांत हा टँक फक्त तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवर ठेवा. स्लॅबच्या घरातही वरच्या मजल्यावर ठेवायचा असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय काच मागवू नका. स्टँडसाठी बेळगावकरांना लांब जावं लागत नाही. उद्यमबागेत चांगले फॅब्रिकेटर आहेत. जाड चौकोनी पाइप वापरायला सांगा, आणि वेल्डिंगचे सगळे जोड घासून पावडर कोटिंग करून घ्या. मिठाचं पाणी उडतं, आणि उघडा राहिलेला जोड सगळ्यात आधी गंजतो. स्टँडवर प्लाय, त्यावर थर्माकोल, मग टँक. पाणी भरण्याआधी चारही कोपऱ्यांची लेव्हल बघा.

टँकखाली संप, म्हणजे फिल्टरची उपकरणं ठेवायची दुसरी लहान टाकी, ठेवावा. त्यात प्रोटीन स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, हवाच, कारण हे मासे दिवसभर खातात आणि तितकीच घाण करतात. टँकमध्ये दोन्ही बाजूंना वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात प्रवाह तयार करणारे पंप, लावा. सर्जनफिश लाटांच्या माऱ्यात वाढलेला मासा आहे, त्याला जोरदार प्रवाह आणि भरपूर ऑक्सिजन लागतो.

दगडांच्या बाबतीत कायदा पाळा. गोव्याला किंवा मालवणला गेल्यावर किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका. रीफ (प्रवाळ खडक) बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या परिशिष्ट एकमध्ये आहेत. कोरडा कृत्रिम रॉक मिळतो, तो वापरा. तो मध्ये ढिगासारखा न रचता गुहा ठेवून, भोवती पोहायला मोकळी वाट राहील असा रचा.

पाणी

बोअरचं पाणी थेट वापरू नका. चिकोडी, निपाणीच्या ऊस पट्ट्यात त्यात नायट्रेट असू शकतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. स्वयंपाकघरातला आरओही चालत नाही, कारण त्यात बहुधा चवीसाठी खनिजं परत मिसळलेली असतात. आरओच्या पुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार काढणारा फिल्टर, लावा आणि टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) शून्य दाखवेल तेव्हाच ते पाणी घ्या. चोर्ला घाटातून कॅन भरून गोव्याचं समुद्राचं पाणी आणायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून किनाऱ्यालगतचं पाणी पातळ होतं, आणि परजीवी सोबत येण्याचा धोका वर्षभर असतो. त्यापेक्षा ॲक्वेरियमचं सागरी मीठ घ्या. लिटरला साधारण 35 ग्रॅम धरा. खायचं मीठ कधीच नाही.

विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारटपणाचं माप) 1.025 आणि तापमान 24 ते 27 अंश ठेवा. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर असल्याने आपल्याकडे हवा बरीच सोयीची आहे. उन्हाळ्यात संपवर पंखा फिरवला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. अथणी, रायबागच्या उष्ण बाजूला मात्र चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागेल असं धरून चला. थंडीत हीटर लावा. वाफ होऊन कमी झालेलं पाणी भरताना साधं डीआय पाणी घाला, मिठाचं नाही. मीठ जात नाही, फक्त पाणी जातं.

मासा आणण्याआधी टँक चार ते सहा आठवडे चालवून अमोनिया आणि नायट्राइट ही माशाला विषारी द्रव्यं शून्यावर येऊ द्या. इथे घाई केली की पहिला मासा जातोच.

खरेदी आणि प्रवास

बहुतेकांचा मासा मुंबईहून किंवा बेंगळुरूहून रात्रीच्या बसने येतो. मागवण्याआधी दुकानदाराला त्याचा खाताना काढलेला व्हिडिओ मागा. समोरून बघितल्यावर पोट आत गेलेलं असेल, डोक्यामागचं मांस खपाटीला गेलं असेल, तर तो मासा कितीही स्वस्त असो, नको म्हणा.

पिशवी घरी आल्यावरची वीस-तीस मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. रात्रभर पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पाण्याचा पीएच उतरतो आणि त्यातला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. सवय व्हावी म्हणून पिशवीत थेंब थेंब टँकचं पाणी सोडत दोन तास मासा त्या पाण्यात ठेवणं म्हणजे त्याला विषात ठेवणं. त्यामुळे दुकानदाराच्या टँकचं गुरुत्व आधीच फोनवर विचारून क्वारंटाइन टँकचं (नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टँकचं) पाणी तेवढंच करून ठेवा. बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, उघडून गुरुत्व तपासा, आणि जुळलं की मासा लगेच सोडा. पिशवीतलं पाणी फेकून द्या. खारटपणा नंतर काही दिवसांत हळूहळू वाढवता येतो.

क्वारंटाइन

ही पायरी टाळू नका, हे मी हात जोडून सांगतो. सर्जनफिशची त्वचा नाजूक, श्लेष्माचा थर पातळ, आणि परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा आजार म्हणजे मरीन इक त्याला चटकन गाठतो. पावडर ब्लू टँग तर त्यासाठी कुप्रसिद्धच आहे. सुमारे 250 लिटरचा साधा टँक, तळाला काही नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे मोठे एल्बो (वाकडे जोड), एक स्पंज फिल्टर. इकच्या परजीवीवरचं चिलेटेड कॉपर (तांब्याचं) औषध वापरत असाल तर दोन-तीन दिवसांत हळूहळू 2.0 ते 2.5 पीपीएमपर्यंत न्या आणि रोज टेस्ट किटने मोजत 30 दिवस ठेवा. या टँकमध्ये दगड किंवा वाळू नको, ते कॉपर शोषून घेतात. रोज सकाळी दिवा लावण्याआधी कल्ल्यांची हालचाल बघा. श्वास धापा टाकल्यासारखा असेल, अंगावर सोनेरी-राखाडी पूड भुरभुरल्यासारखी दिसत असेल, तर तो इक नसून वेल्व्हेट हा दुसरा परजीवी आजार असू शकतो. तो एक-दोन दिवसांत मासा घेऊन जातो, वाट बघायला वेळ नसतो.

मुख्य टँकमध्ये इक शिरला असेल, तर परजीवी माशांविना मरून जावा म्हणून सगळे मासे बाहेर काढून टँक अडीच महिने रिकामा चालवावा लागतो.

खाणं आणि सोबत

सर्जनफिश समुद्रात दिवसभर शेवाळ खरवडत फिरतो. साधं, बिनमसाल्याचं, बिनमिठाचं नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पापुद्रे) क्लिपला लावून रोज द्या, सोबत स्पिरुलिना शेवाळाचं खाद्य. नासोला तपकिरी शेवाळ अधिक आवडतं, आणि मायसिस हे बारीक झिंगेही तो मिटक्या मारत खातो. पालकाने पोट भरतं, पण पोषण फार मिळत नाही. पोषण कमी पडलं की डोक्यावर आणि अंगाच्या कडेच्या रेषेवर खड्डे पडू लागतात.

एकापेक्षा जास्त सर्जनफिश ठेवायचे असतील तर शांत स्वभावाचा आधी, भांडखोर शेवटी. सोहल सगळ्यात शेवटी सोडावा. सारख्या आकाराचे, सारख्या ठेवणीचे दोन मासे एकमेकांना सोडत नाहीत. नवा मासा पहिले काही दिवस जाळीदार पेटीत ठेवून जुन्याला त्याची सवय होऊ द्या.

लाइट गेली तर

खानापूर, जांबोटी, कणकुंबी बाजूला पावसाळ्यात झाड पडून लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही. किमान एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर ठेवा आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असू द्या. तेवढ्या वेळात खाणं देऊ नका. मोठ्या माशाला फिल्टरपेक्षा आधी ऑक्सिजन लागतो.

हात घालताना

शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना सर्जनच्या सुरीसारखे धारदार काटे असतात. बऱ्याच जातींत काटा खाचेत मिटलेला असतो आणि शेपटी वळली की उघडतो, नासोमध्ये मात्र तो कायम उघडाच. काच साफ करताना जाड हातमोजे घाला. मासा हलवायचा असेल तर जाळी वापरू नका. काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा व तुमचं बोट दोन्ही जखमी होतात. मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरा, नोरीने त्याला आत येऊ द्या, आणि झाकण लावून पाण्यासकट उचला.