'मेलन कॉली' ऐकायचा कसा

स्मॅशिंग पम्पकिन्स या अमेरिकन रॉक बँडचा अल्बम 'मेलन कॉली अँड दि इन्फिनिट सॅडनेस' (१९९५) मी पहिल्यांदा शफलवर ऐकला आणि चौथ्या गाण्याला बंद केला. आधी पियानो, मग एकदम किंचाळणं, लगेच अंगाई. कशाचा कशाला मेळ लागेना. वर्षभराने क्रमाने ऐकला, तेव्हा तोच अल्बम उलगडत गेला. म्हणून पहिलं काम, शफल बंद. क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच त्यात पुढचं मिसळणारी सोय) चालू असेल तर तोही बंद, कारण या अल्बमचे धक्के गाण्यांच्या सांध्यांवरच बसतात.

२८ गाणी आहेत, दोन तासांची. एका बैठकीत उरकू नका, कान थकतात आणि शेवटची सुंदर गाणी वाया जातात. सीडीवर त्याचे १४-१४ गाण्यांचे दोन भाग आहेत, 'डॉन टू डस्क' आणि 'ट्वायलाइट टू स्टारलाइट'. मी पहिला भाग दिवसा ऐकतो आणि दुसरा रात्री, दिवा मालवून. (मूळ रेकॉर्डसंचात क्रम वेगळा आहे, मी सीडीचा क्रम धरून बोलतोय.)

आवाज किती ठेवायचा, हे सुरुवातीच्या पियानोवरून ठरवू नका. तिसरं गाणं, 'जेलीबेली', आधी थोडं लावून बघा, ते सोसवेल इतकाच आवाज ठेवा आणि मग पहिल्यापासून सुरू करा.

दुसऱ्या गाण्यात, 'टुनाइट, टुनाइट'मध्ये, व्हायोलिनं भरून येतात आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. तुम्ही मात्र एकदा ड्रमर जिमी चेंबरलिनच्या स्नेअरकडे, म्हणजे कडकड वाजणाऱ्या ड्रमकडे, कान द्या. इतक्या हळव्या गाण्याखाली तो ड्रम सतत धावत असतो, आणि त्या गाण्याची उमेद मला तिथेच सापडली. गायक बिली कॉर्गन 'माझ्यावर विश्वास ठेव' म्हणून विनवतो, आणि पुढच्या दोनच गाण्यांत 'झिरो' येऊन त्यावर पाणी फिरवतं. अंधार आणि आशा यांची ही ओढाताण शेवटपर्यंत चालते.

ती सगळ्यात स्पष्ट दिसते दुसऱ्या भागात. '१९७९'मध्ये यंत्राचा ठेका, मागे आवाजाचा एक तुकडा गोल गोल फिरतोय, सगळं हलकं. पुढच्याच क्षणी 'टेल्स ऑफ अ स्कॉर्च्ड अर्थ' अंगावर येतं. इथे पुष्कळजण पुढचं गाणं लावतात. लावू नका. त्यानंतर 'थ्रू दि आइज ऑफ रूबी'मध्ये गिटारींच्या थरांवर थर चढतात, मग 'स्टंबलीन'मध्ये उरते फक्त एक गिटार आणि एक गळा, आणि मग 'एक्स.वाय.यू.'ची सात मिनिटं. या सात मिनिटांत माझे दात आवळलेले असतात, दरवेळी.

ती सोसा, कारण त्यानंतरच्या पाच गाण्यांत एकदाही किंचाळणं नाही. हीच पाच गाणी वेगळी काढून ऐकली तर नुसती गोड वाटतात. 'एक्स.वाय.यू.'नंतर मात्र ताप उतरल्यासारखं वाटतं.

शब्दांच्या मागे पहिल्या वेळी लागू नका, दुसऱ्या फेरीत वाचा.

शेवटच्या 'फेअरवेल अँड गुडनाइट'मध्ये बँडचे चौघेही गातात. ते आवाज विरले की पियानो एकटा राहतो, सुरुवातीसारखाच. म्हणून ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवा; त्या शेवटच्या स्वरांना दुसऱ्या कुणाचं गाणं येऊन चिकटायला नको.