खाऊचे पैसे संपल्यावर: बटणाची भिंगरी
महिनाअखेरीस खाऊचे पैसे संपले की लहानपणी आमची खरी मजा सुरू होत असे, आणि त्या मजेतली माझी सर्वांत लाडकी वस्तू म्हणजे बटणाची भिंगरी. विकत घेतलेले खेळणे मोडले की रडू येई, भिंगरी मात्र पुन्हा करता येई.

त्यासाठी कोटाचे मोठे, जड बटण आणि सुमारे 1 मीटर मजबूत दोरा घ्यावा. एका छिद्रातून दोरा ओवून दुसऱ्यातून परत आणावा आणि टोके एकमेकांना घट्ट बांधून त्याचा वेढा करावा. बटण चार छिद्रांचे असल्यास तिरकी समोरासमोरची छिद्रे निवडावीत, नाहीतर तोल जाऊन ते थडथडते. बटण मध्यभागी ठेवून, वेढ्याच्या दोन्ही बाजू दोन हातांच्या बोटांत अडकवून, त्याला 20 ते 25 वेळा पीळ द्यावा आणि मग हात अलगद बाहेर ओढावेत. पीळ उलगडताना बटण गरगर फिरते आणि आपल्याच वेगाने दोऱ्याला उलटा पीळ घालते. नेमक्या त्या क्षणी हात सैल सोडणे ही यातली खरी खुबी आहे, आणि ती सरावानेच हाताला कळते. ताल जमला की भिंगरी घूं घूं करू लागते.

ती चेहऱ्यापासून व केसांपासून दूर धरावी आणि दोरा झिजलेला दिसताच बदलावा.