घाटात उतरणाऱ्या रोजच्या गाडीचे ब्रेक कसे सुधारावेत

गाडीचे ब्रेक सुधारायचे म्हटले की मोठ्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या थाळ्या), भोके पाडलेल्या थाळ्या आणि लाल रंगवलेले कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे भाग) डोळ्यांसमोर येतात. आठवडाभर कामावर नेणाऱ्या आणि सुट्टीत कोकणात उतरणाऱ्या, पुढे डिस्क व मागे डब्यासारखे बंद ड्रम असलेल्या साध्या हॅचबॅकला यांपैकी कशाचीही गरज नसते. तिचे मूळ ब्रेक व्यवस्थित चालत असतील, तर सपाट रस्त्यावर चाके जाम करण्याइतके, म्हणजेच एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) कामाला लागेल इतके, बळ त्यांच्यात आधीपासून असते. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबणार हे रस्त्याला टेकलेला टायर ठरवतो, कॅलिपर नव्हे. म्हणून खर्चाचा क्रम लावताना टायर पहिला धरावा. कायद्याने नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपर्यंत चालत असली, तरी पावसाळ्यात 3 मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर भरवसा ठेवू नये.

मूळ ब्रेक खरोखर कमी पडतात ते उष्णतेपुढे. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे 500 मीटर खाली येते. हवेचा आणि इंजिनाचा विरोध बाजूला ठेवला, तर या उतारावर मुक्त होणारी ऊर्जा ताशी 100 किलोमीटर वेगाची तीच गाडी एकदा पूर्ण थांबवण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या बारा-तेरापट भरते. ती सगळी ब्रेकनेच शोषावी अशी अपेक्षा धरून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे महाभाग आजही दिसतात. रोजच्या गाडीतील सुधारणेचा हेतू एवढाच असावा, की ही उष्णता झाल्यावरही पेडल पहिल्यासारखे कडक राहावे आणि चारही चाके आपापला वाटा उचलत राहावीत.

या हेतूने केलेला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारे ब्रेक ऑइल बदलणे. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट 3 प्रतीचा कोरडा द्रव किमान 205 अंश सेल्सिअसला उकळतो, तर ठरावीक प्रमाणात पाणी मुरल्यावर त्याची हमी 140 अंशांपर्यंतच उरते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155, तर डॉट 5.1 साठी 260 आणि 180 आहेत. कॅलिपरमधला द्रव उकळला की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल काही न करता खाली जाते. दमट हवेत वापरल्या जाणाऱ्या गाडीचे ऑइल दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, बदलावे. गाडीच्या पुस्तिकेत डॉट 3 लिहिलेले असले, तरी डॉट 4 बहुधा चालते. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरील सूचना मात्र आधी वाचावी. डॉट 5 हा प्रकार सिलिकोनचा असून तो यांपैकी कशातही मिसळत नाही, त्यामुळे नावातील साम्यावर जाऊ नये.

हे काम दोन माणसे घरच्या आवारात करू शकतात, परंतु गाडी सपाट जागी स्टँडवर घेतलेली असावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नये. प्रथम टाकीतील काळपट ऑइल सिरिंजने ओढून घ्यावे आणि सीलबंद डब्यातील नवे भरावे. पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने एकेका चाकाच्या निपलला (ऑइल व हवा बाहेर काढण्याच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवावे. आतल्या माणसाने पेडल सावकाश दाबून धरावे, बाहेरच्याने रिंग पान्याने निपल पाव वळसा सैल करावा, नळीतून ऑइल जाऊ द्यावे, निपल आवळावे आणि त्यानंतरच पेडल सोडण्यास सांगावे. हा क्रम चुकला की हवा आत ओढली जाते. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरचे (पेडलने ऑइलवर दाब आणणाऱ्या नळकांड्याचे) रबर एरवी न पोहोचणाऱ्या, गंजलेल्या भागावर घासले जाऊन फाटते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की ही भीती राहत नाही. नळीतून फिकट, बुडबुडे नसलेले ऑइल येईपर्यंत काम चालू ठेवावे आणि टाकीतील पातळी एकदाही खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नये. रंगावर सांडलेला थेंब लगेच पाण्याने धुवावा, कारण तो रंग उतरवतो. टाकीत चुकून थोडेसे जरी इंजिन ऑइल गेले, तरी संपूर्ण यंत्रणेतील सील फुगून निकामी होतात. एबीएसच्या पंपात हवा अडकली असेल, तर ती काढण्यास बहुधा स्कॅनर लागतो. तेव्हा घरी हट्ट धरण्यात अर्थ नाही.

हवा काढूनही पेडल स्पंजासारखे दबत असेल, तर रबरी पाइप पाहावेत. बाहेरून चिरलेला, वाकवल्यावर भेगा दाखवणारा किंवा दाबाखाली फुगणारा पाइप बदलावाच. पोलादी जाळीचे पाइप पेडलला थोडी कडक जाणीव देतात, परंतु नवे मूळ पाइप आणि ते यांत रस्त्यावरच्या गाडीला पडणारा फरक किरकोळ आहे.

यानंतर कॅलिपरकडे वळावे. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या कोरड्या पडणे किंवा गंजणे हा किनारपट्टीवरील गाड्यांचा हमखास दोष आहे. एकाच चाकातला एका बाजूचा पॅड (डिस्कवर घासणारी वडी) निम्मा संपलेला आणि दुसरा जवळजवळ नवा दिसला, तर पिन अडकली असे समजावे. पिन काढून पुसावी, बोटाने ढकलून ती सहज सरकते का हे पाहावे आणि ब्रेकसाठीचे सिलिकोन ग्रीसच लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस रबरी टोपी फुगवते. पॅडचे कान ज्या खाचांत बसतात, तेथील गंज तारेच्या ब्रशने काढावा. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये. ब्रेक क्लीनर मारून ओल्या कापडाने टिपून घ्यावी.

पॅडचा थर 3 मिलिमीटरवर आला की जोडीने, म्हणजे दोन्ही चाकांचे, पॅड बदलावेत. बऱ्याच पॅडच्या पाठीवर किंवा कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर थंड असतानाचे, तर दुसरे तापल्यावरचे घर्षण दाखवते. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45 आणि जी म्हणजे 0.45 ते 0.55. रोजच्या वापरासाठी दोन्ही ठिकाणी एफ असलेला, नावाजलेल्या कंपनीचा आणि पक्क्या बिलावर घेतलेला पॅड पुरेसा आहे. शर्यतीचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत. सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना त्यांचा काय उपयोग? डिस्क मोजूनच ठेवावी किंवा टाकावी. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असेल, किंवा लेथवर घासल्यावर होणार असेल, तर नवीनच घ्यावी. नवी डिस्क बसवण्यापूर्वी हबवरचा (डिस्क व चाक ज्यावर बसते त्या भागावरचा) गंज साफ केला नाही, तर ती किंचित वाकडी फिरते आणि काही हजार किलोमीटरनंतर स्टीअरिंग थरथरू लागते. चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीने घेत टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून देणाऱ्या) आवळावेत. टायरच्या दुकानातील हवेच्या गनने एकच नट करकचून आवळला जातो आणि थरथरीचा दोष मात्र डिस्कवर येतो.

नवे पॅड बसवून सरळ घाट गाठू नये. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, ताशी 60 वरून 10 पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, पूर्ण थांबू नये आणि मध्ये थोडे अंतर जाऊ द्यावे. त्यानंतर ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून थंड होऊ द्यावे. तापलेले पॅड एका जागी दाबून धरले, तर डिस्कवर त्यांचा डाग उठतो.

मागचे ड्रम विसरले जातात, कारण ते दिसत नाहीत. आपोआप जुळणारा ॲडजस्टर गंजून अडकला की शू (ड्रमला आतून घासणारे अर्धगोल पट्टे) आणि ड्रममधले अंतर वाढते, पेडलचा प्रवास लांबतो आणि हँडब्रेक खूप वर ओढावा लागतो. ड्रम काढून ॲडजस्टरचे आटे साफ करावेत, शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोपीखाली ओल आहे का ते उचकटून पाहावे आणि चाक हाताने फिरवताना शू जेमतेम घासेल इतके अंतर ठेवावे. हँडब्रेकची केबल शेवटी जुळवावी. आधी जुळवली, तर शूचा दोष झाकला जातो.

मोठ्या डिस्कचा किट, मागच्या ड्रमच्या जागी डिस्क असले बदल टाळावेत. पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधला समतोल कंपनीने मोजून ठेवलेला असतो. तो बिघडला, तर ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी फिरू शकते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, ते दाबून धरलेले असतानाच इंजिन चालू करावे; पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) ठीक आहे. दाबलेले पेडल मिनिटभरात आपोआप खाली सरकत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेला आहे. तशी गाडी रस्त्यावर काढू नये. पहिला घाट दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या आधाराने उतरावा. पायथ्याशी थांबून चारही चाकांजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन पाहावा. पुढची दोन्ही चाके सारखीच गरम लागली पाहिजेत. एक फार तापलेले आणि दुसरे कोमट असेल, तर त्या दोहोंपैकी एका कॅलिपरची पिन किंवा पिस्टन अजून अडकतो आहे.