ग्राफिक्स कार्ड नसलेला नवा कॉम्प्युटर रडतोय? या चुका टाळा

दिवाळीत ताईकडे नवा कॉम्प्युटर आला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. भाच्याचा गेम सारखा अडकायचा. "कार्ड घ्यावंच लागणार," असं घरात ठरूनही गेलं होतं. मी कॅबिनेटची बाजू उघडली, तर आत रॅमची १६ जीबीची एकच स्टिक (पट्टी). गोम तिथेच होती.

प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते रॅमवरच जगतं, आणि तीच रॅम प्रोसेसरलाही हवी असते. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती देऊ शकते. दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनलवर (रॅम आणि प्रोसेसरमधल्या वाटांवर) लावल्या की हाच आकडा ५१.२ होतो. म्हणून कार्ड नसलेल्या मशीनला १६ ची एक नको, ८ च्या दोन घ्या. "एक आत्ता लावा, दुसरी पुढे बघू" हा सल्ला अशा मशीनसाठी चुकीचाच आहे. मदरबोर्डावर रॅमचे चार स्लॉट असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरायचा. मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते बघा. ताईने स्टिक बदलून ८ च्या दोन घेतल्या आणि कार्डाचा विषय संपला.

पडदा काळाच राहत असेल तर आधी बिल काढून प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२४००एफ मध्ये नाही. रायझन ५६०० आणि ५६००एक्स मध्येही नाही. बोर्डाला एचडीएमआय पोर्ट दिसतो म्हणून माणूस फसतो, पण त्या पोर्टला चित्र प्रोसेसरकडूनच मिळतं. एका अक्षराच्या फरकाने घरी आलेला कॉम्प्युटर मुका बसतो, याचं मला फार वाईट वाटतं. पैसे देण्याआधी ते अक्षर स्वतः वाचा.

चित्र येतंय, पण अक्षरं फुगलेली आणि रिझोल्यूशन बदलता येत नाही? डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं तर ड्रायव्हरच (विंडोजला ग्राफिक्स चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) बसलेला नाही. तो इंटेल, एएमडी किंवा बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी सॉफ्टवेअर घरच्या मशीनवर येऊच देऊ नका.

विंडोजमध्ये वापरण्याजोगी रॅम थोडी कमी दिसली तर दुकानदारावर संशय घेऊ नका. काही भाग ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेला असतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) तो वाढवता येतो, पण एकूण ८ जीबीच असताना २ तिकडे दिले की विंडोज आणि ब्राउझरला ६ च उरतात. 'ऑटो' राहू द्या.

फोर-के टीव्ही जोडल्यावर माउसचा बाण अडखळत असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा, हर्ट्झमध्ये) पाहा. एचडीएमआय १.४ च्या पोर्टवर फोर-के ३० हर्ट्झच मिळतो.

रॅमला हात लावण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढा. स्टिक 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. आणि डीडीआर५ असेल तर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड तेव्हा नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून मध्येच बटण दाबू नका.