कुवेत-इराकला कामाला जाताय? जळक्या रणगाड्यांपासून लांब राहा

आपल्या बडोद्यातून, मकरपुऱ्याच्या वर्कशॉपमधून वेल्डर-फिटर पोरं कुवेत, बसरा साईडला जातात, त्यांच्यासाठी लिहितोय. माझा मावसभाऊ तिकडे वाळवंटात जळक्या रणगाड्यावर चढला, फोटो काढले, आणि खाली पडलेला एक जड काळा तुकडा खिशात टाकणार तेवढ्यात बरोबरच्या फोरमनने हात धरला.

१९९१ च्या आखाती युद्धात तिकडे रणगाडे फोडणाऱ्या गोळ्यांमध्ये साधारण ३०० टन डिप्लिटेड युरेनियम (अणुइंधन बनवताना उरलेलं, कमी किरणोत्सारी युरेनियम) वापरलं गेलं. शिशापेक्षा १.७ पट जड धातू, चिलखत फोडताना स्वतःच पेट घेतो आणि त्याची बारीक काळी धूळ होते. त्याचे अल्फा किरण कातडीतून आत जात नाहीत, म्हणून रस्त्याने जाताना रणगाडा दिसला तर घाबरायचं काही नाही. पण धूळ श्वासातून किंवा न धुतलेल्या हाताने पोटात गेली की वाईट, जास्त गेली तर आधी किडनीला धोका, आणि न विरघळणारे कण फुप्फुसात वर्षानुवर्षं बसून राहतात.

म्हणून अशा वाहनावर चढू नका, आत शिरू नका, शेजारी डबा उघडून जेवू नका. न फुटलेला दारूगोळाही असू शकतो हो! तुकडा दिसला तर हात न लावता जागा लक्षात ठेवा आणि सेफ्टी ऑफिसरला सांगा. भंगार कापायचं काम दिलं तर आधी तपासणी झालीय का ते विचारा, नाहीतर सरळ नकार द्या, कारण गॅस कटर किंवा ग्राइंडर लावला की परत तीच धूळ उडते.

चुकून हात लागलाच तर साबणाने नखांपर्यंत धुवा, आंघोळ करा, कपडे न झटकता वेगळ्या पिशवीत बांधा. बूट ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका मारू. आसपासच्या विहिरीचं पाणी पिऊ नका, युरोपातल्या बोस्नियात १९९४-९५ च्या युद्धात डागलेल्या अशाच गोळ्यांचं युरेनियम सात-आठ वर्षांनी पिण्याच्या पाण्यात सापडलं होतं, प्रमाण कमी होतं तरी.

धूळ नाकातोंडात गेली असं वाटलं तर डॉक्टरला स्पष्ट सांगून लघवीतलं युरेनियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या, नुसत्या एक्स-रेत ही धूळ कळत नाही.

आणि कोणी असा तुकडा आधीच आठवण म्हणून घरी आणून शोकेसमध्ये ठेवला असेल तर घासू नका, ठोकू नका, भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका. पोरांना त्या खोलीतून बाहेर काढा, दार लावा आणि ११२ ला फोन करा.