टॅग लावलेला पॉइंटर आणि कर्नलचा ‘ईफॉल्ट’

आर्म ६४-बिट प्रोसेसरवर पॉइंटरच्या (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या) वरच्या ८ बिटांत (५६ ते ६३) टॅग, म्हणजे आपली छोटी खूण, ठेवून आमचा कोड सुरळीत चालत होता. पत्ता वाचताना प्रोसेसर तो बाइट बघतच नाही. पण तोच पॉइंटर ‘रीड’ला (कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून, डेटा वाचून घेणाऱ्या कॉलला) दिला की उत्तर एकच: ईफॉल्ट, म्हणजे ‘पत्ता चुकीचा’. बफर शाबूत, परवानग्या ठीक. वैताग नुसता!

गोम अशी, की प्रोसेसरला चालतं ते कर्नलला आपोआप चालत नाही. लिनक्स ५.४ पासून पीआरसीटीएल या (प्रोसेसच्या सेटिंग बदलणाऱ्या) कॉलमधून ‘टॅग्ड अ‍ॅड्रेस’ची मुभा मागावी लागते. ती थ्रेडपुरती (प्रोग्रॅममधल्या एका कामाच्या धाग्यापुरती) असते, फोर्कमध्ये (प्रोसेसची प्रत काढताना) पुढे जाते, पण एक्झेकनंतर (त्याच प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम चढवल्यावर) पुसली जाते. म्हणून मुभा मागणारी ओळ इतर थ्रेड सुरू करण्याआधी, मेन या मुख्य फंक्शनच्या सुरुवातीलाच टाकली. रीड लगेच चाललं.

एवढ्यावर भागलं नाही. एमएमॅपला (कर्नलकडून मेमरी मागणाऱ्या कॉलला) पत्ता सुचवताना मुभा असूनही टॅग चालत नाही; पण ५.६ च्या आधीचे काही कर्नल तो खपवून घेत, त्यामुळे जुन्या बोर्डावर सगळं आलबेल दिसायचं. तिथे टॅग काढूनच पत्ता देतो.

कर्नलच्या दस्तऐवजात हे सगळं आहे, पण दोन वेगळ्या फायलींत. आमच्या टिपणात आता प्रत्येक कॉलपुढे ‘टॅग चालतो’ किंवा ‘काढून द्या’ एवढंच लिहिलंय.