इन्कम टॅक्स स्वतः कसा काढायचा, आणि "दोनच टक्के लोक टॅक्स भरतात" म्हणजे नेमकं काय

१२ लाखापर्यंत टॅक्स नाही, हे फेब्रुवारी २०२५ च्या बजेटपासून सगळ्यांना पाठ झालंय, पण मग ४ लाखाचा स्लॅब (म्हणजे उत्पन्नाचा टप्पा) कशाला ठेवलाय आणि १२ लाखाच्या वर थोडं गेलं तर काय होतं हे विचारलं की बरेच जण म्हणतात सीएला विचारू. सीएला जरूर विचारा, पण पगारदार माणसाचं गणित खरंच कागदावर पाच मिनिटांत होतं आणि ते स्वतःला यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे, कारण पैसे आपले आहेत.

खालचं सगळं आर्थिक वर्ष २०२५-२६ चं, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या कमाईचं.

टॅक्स काढायच्या पद्धती दोन, नवी आणि जुनी, आणि निवड आपली. आधी नवी पद्धत. वर्षाचा एकूण पगार घ्या आणि त्यातून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सगळ्या पगारदारांना मिळणारी ठरावीक वजावट, वजा करा, त्याला कुठलीही पावती लागत नाही. जे उरलं त्याचे तुकडे पाडायचे. पहिल्या ४ लाखावर काही नाही, ४ ते ८ लाखावर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्याच्या वर ३० टक्के. टक्का फक्त त्या त्या तुकड्यावर लागतो, सगळ्या रकमेवर नाही, आणि "पगार वाढला तर वरच्या स्लॅबमध्ये जाईन आणि हातात कमी येईल" ही भीती याच गैरसमजातून येते.

समजा पगार १५ लाख आहे. ७५ हजार गेले, राहिले १४ लाख २५ हजार. दुसऱ्या तुकड्याचे २० हजार, तिसऱ्याचे ४० हजार, आणि १२ च्या वरच्या सव्वादोन लाखांवर १५ टक्क्याने ३३,७५०. बेरीज ९३,७५०. त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे टॅक्सवरचा जादा कर, ३,७५०, म्हणजे एकूण ९७,५००. झालं गणित.

आता १२ लाखाची गंमत बघा. वजावट जाऊन उत्पन्न १२ लाखाच्या आत असेल तर वरच्या हिशोबाने जो टॅक्स निघतो, जास्तीत जास्त ६० हजार, तो कलम ८७ए खाली पूर्ण माफ होतो, म्हणून पगारदाराला पावणेतेरा लाखापर्यंत काही भरावं लागत नाही. आणि थोडं वर गेलं तर? उत्पन्न १२,१०,००० धरा, गणिताने टॅक्स ६१,५०० येतो, पण कायदा म्हणतो की १२ लाखाच्या वर जेवढी कमाई जास्त त्याहून टॅक्स जास्त घ्यायचा नाही, म्हणून १० हजार आणि वर सेसचे ४०० एवढंच भरायचं. याला मार्जिनल रिलीफ म्हणतात, साधारण १२ लाख ७० हजारापर्यंत त्याचा फायदा मिळतो. फक्त एक लक्षात ठेवा, शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावर जो वेगळ्या दराने टॅक्स लागतो त्याला ही माफी नाही, ते वेगळं भरावं लागतं.

जुनी पद्धत अजून चालू आहे. तिथे अडीच लाखापर्यंत शून्य, ५ लाखापर्यंत ५ टक्के, १० लाखापर्यंत २० आणि वर ३०, पण पीपीएफ, विमा अशा बचतीचे कलम ८०सी खालचे दीड लाख, मेडिक्लेम, घरभाडं, होमलोनचं व्याज, महाराष्ट्रात वर्षाला कापला जाणारा २,५०० प्रोफेशनल टॅक्ससुद्धा वजा करता येतो. घ्यायची का? वरच्याच १५ लाखवाल्याला जुनी पद्धत परवडायला सगळ्या वजावटी मिळून साधारण ५ लाख ९४ हजाराच्या पुढे जायला हव्यात, त्यातले ५० हजार स्टँडर्ड डिडक्शनचे. मोठं भाडं भरणारे सोडले तर पुण्यामुंबईतल्या पगारदारांनासुद्धा हे सहसा जमत नाही, त्यामुळे फक्त टॅक्स वाचवायला मार्चमध्ये घाईघाईने पॉलिसी घेऊ नका, आधी दोन्ही आकडे मांडून बघा. धंद्याचं उत्पन्न नसेल तर दरवर्षी पद्धत बदलता येते, एचआरला काहीही सांगितलं असलं तरी रिटर्नमध्ये बदलता येते, पण रिटर्न मुदतीनंतर भरलं तर नवीच पद्धत लागते.

टॅक्स शून्य आला म्हणून रिटर्न भरायचं नाही असं मात्र करू नका. नव्या पद्धतीत उत्पन्न ४ लाखाच्या वर असेल तर रिटर्न भरावंच लागतं, १० लाख पगार आणि टॅक्स शून्य असला तरी. बँकेने एफडीच्या व्याजावर टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला टॅक्स) कापला असेल तर तो परतही रिटर्न भरूनच मिळतो.

आणि "किती लोक टॅक्स भरतात" हा आकडा वाचताना रिटर्न भरणं आणि टॅक्स भरणं यातला हाच फरक डोक्यात ठेवायचा. २०२२-२३ चे सरकारने संसदेत दिलेले आकडे घ्या, ७.४० कोटी व्यक्तींनी रिटर्न भरलं आणि त्यातल्या सुमारे ५.१६ कोटींचा टॅक्स शून्य होता. उरले सव्वादोन कोटी, १४० कोटींच्या देशात दोन टक्क्यांच्याही आतच. पण म्हणून बाकीचे फुकटे आहेत असं म्हणणं मला अजिबात पटत नाही. या १४० कोटीत शाळेतली पोरं आणि म्हातारी माणसं आहेत, ज्यांची कमाईच मर्यादेच्या खाली आहे असे मजूर, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका आहेत, आणि साबणापासून मोबाईल रिचार्जपर्यंत जीएसटी तेही भरतात. टॅक्स कापला गेला पण रिटर्न भरलं नाही असेही लोक आहेत, ते तर या मोजणीत येतच नाहीत.

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा इन्कम टॅक्स नाही हेही एक मोठं कारण. पण नोकरी करून गावाकडे ऊस किंवा द्राक्षं असणाऱ्यांनी इथे नीट बघा, शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ हजाराच्या वर आणि बाकीचं उत्पन्न ४ लाखाच्या वर असेल तर टॅक्सचा दर ठरवताना शेतीची रक्कम धरली जाते, आणि पगाराचा टॅक्स त्यामुळे वाढू शकतो. म्हणून ती रिटर्नमध्ये दाखवायची, आणि सातबारा, कारखान्याचं बिल, बाजार समितीच्या पट्ट्या फाईलला लावून ठेवायच्या.